शत्रूला थांबता आलं पाहिजे

रोल-प्लेइंग गेम चांगला की वाईट हे ठरवायची माझी कसोटी एकच: मी चहाचा कप उचलला तर समोरचा राक्षस थांबतो का? थांबत असेल तर त्या गेमला माझ्या घरात जागा आहे. ग्राफिक्स, कथा, संगीत वगैरे मागाहून बघू.

जपान्यांना हे फार आधी कळलं होतं. 1986 साली युजी होरीईंचा ‘ड्रॅगन क्वेस्ट’ आला, पुढच्याच वर्षी हिरोनोबू साकागुचींचा ‘फायनल फँटसी’. दोन्हींत मारामारी पाळीपाळीने. ‘फायनल फँटसी’त तर एका बाजूला आपले चौघे ओळीत उभे, दुसऱ्या बाजूला राक्षसमंडळी. तलवार चालवू, जादू करू, औषध पाजू की सरळ पळ काढू, यावर तुम्ही हवा तेवढा वेळ घ्या, कुणी हलत नाही. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत पार्किंगचा विषय निघाला की कुणी कुणाला वाक्य पुरं करू देत नाही. इथे आग ओकणारा ड्रॅगन तुमची पाळी संपेपर्यंत तोंड मिटून उभा असतो.

पुढे 1991 च्या ‘फायनल फँटसी फोर’पासून गेम काढणाऱ्या कंपनीला घाई सुटली. आता वेळ चालू राहणार, तुम्ही विचार करत बसलात तर समोरचा हाणून मोकळा होणार. पण जपानी माणूस शेवटी मर्यादशील. मालिकेच्या सातव्या भागात सेटिंगमध्ये ‘वेट’ नावाचा पर्याय आहे. तो लावला आणि जादूची किंवा औषधांची यादी उघडली की लढाई जागच्या जागी गोठते. हा पर्याय न लावता खेळणारे लोक असतात असं ऐकून आहे. त्यांच्या घरी कुकरच्या शिट्ट्या कोण मोजतं, देव जाणे.

थांबण्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे सेव्ह करणं. नव्वदच्या दशकात आमच्याकडे जो ‘व्हिडिओ गेम’ मिळायचा तो फॅमिकॉम या जपानी कन्सोलची नक्कल असायचा. कॅसेटवर हजारो गेम असल्याचा दावा, आत मारिओ, काँट्रा आणि त्यांचेच चुलतभाऊ. सेव्हची सोय नाही. लाइट गेले की मारिओ पुन्हा पहिल्या पाइपापाशी. खुद्द जपानातली मुलंही काही फार सुखात नव्हती म्हणा. पहिल्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’मध्ये खेळ थांबवताना राजा वीस अक्षरांचा मंत्र सांगायचा, तो वहीत उतरवून ठेवायचा. दुसऱ्या भागात मंत्र बावन्न अक्षरांपर्यंत गेला. एक अक्षर चुकलं की गेली सगळी तपश्चर्या. आपल्याकडे निदान स्तोत्रात चूक झाली तर देव सांभाळून घेतो. तिसऱ्या भागाच्या कॅसेटमध्ये बॅटरी बसवली तेव्हा कुठे ही पोथी सुटली.

मला खरा चटका बसला तो प्लेस्टेशन-टूवर. मेमरी कार्ड आठ एमबीचं, तेव्हा ते अथांग वाटायचं. खेळत होतो ‘फायनल फँटसी टेन’. साताऱ्यात लोडशेडिंगचे दिवस, लाइट कधी जाणार हे पेपरात छापून यायचं आणि वीज मंडळ ते वेळापत्रक आपल्या मर्जीने पाळायचं. या गेममध्ये सेव्ह कुठेही करता येत नाही. निळसर चमकणारा गोळा दिसेल तिथेच. गागाझेत नावाच्या बर्फाच्या डोंगरावर सीमोर हा खलनायक भेटतो. निळे केस, उघडी छाती, आणि तोपर्यंत मरून बराच काळ झालेला. तरी भाषण संपत नाही. हे भाषण वगळता येत नाही. लढाईत हरलात की पुन्हा गोळ्यापाशी, पुन्हा भाषण. आमच्याकडे न हरताही तेच व्हायचं. सीमोर टेकीला आला की पंखा मंदावायचा, खोलीत काळोख आणि बाहेरच्या खोलीतून बाबांचं समाधानी स्वरातलं, “गेली वाटतं.” इन्व्हर्टरवर एक ट्यूब आणि दोन पंखे, टीव्हीला मनाई. त्या मेलेल्या माणसाचं भाषण मला आजही तोंडपाठ आहे.

एवढं सोसलेल्या माणसाला 2022 साली लोक सांगू लागले की ‘एल्डन रिंग’ खेळ, आयुष्य बदलेल. त्या गेममध्ये पॉजचं बटणच नाही. मेनू उघडला तरी मागे शत्रू चालूनच येतो. दारावर सिलिंडरवाला, हातात कंट्रोलर, आणि समोर घोड्यावर बसलेला सोन्याच्या चिलखतातला दांडगोबा. मी दार उघडलं. गेम थोर असेल, पण तो बेल नसलेल्या घरांसाठी आहे. परवा ‘क्लेअर ऑब्स्क्युअर’ हा फ्रेंच गेम पाळीपाळीचा आहे म्हणून आनंदाने घेतला, तर त्यात शत्रूच्या पाळीतही अचूक क्षणी बटण दाबून वार चुकवायचा! म्हणजे पाळी त्याची, घाम माझा.

कन्सोलचंही मी याच हिशेबाने बघतो. पीसीवाल्यांशी वाद घालत नाही. ते गेमपेक्षा सेटिंग जास्त खेळतात. निन्टेन्डोचा स्विच आपल्याकडे कंपनीने अधिकृतपणे आणलाच नाही, तो परदेशातून येणाऱ्या मेहुण्याच्या बॅगेतून येतो. पण काय यंत्र आहे! ऐन लढाईत वरचं बटण दाबा, अख्खं जग झोपी जातं. भाजी आणा, पोळ्या भाजा, तासाने बटण दाबा, तलवार हवेत होती तिथेच. प्लेस्टेशनच्या चौथ्या-पाचव्या पिढीलाही ही विद्या येते, पण तिथे टीव्ही लागतो, आणि टीव्हीवर संध्याकाळी सात ते दहा माझा हक्क नाही.

तसं बघितलं तर माझ्या आवडत्या गेममध्ये प्रलयही थांबतो. ‘फायनल फँटसी सेव्हन’मध्ये तिथल्या जगावर उल्का येऊन आदळणार असते, लालबुंद, आकाशात लटकलेली. आणि आपण? चोकोबो नावाचे पिवळे पक्षी पाळतो, त्यांना हिरव्या भाज्या चारतो, जोड्या लावतो, सोनेरी पिल्लू निघेपर्यंत शर्यतीत पळवतो. उल्का बिचारी वाट बघते.

न थांबणारा एकच गेम मी मनापासून खेळलो, ‘पर्सोना फाइव्ह’. त्यात कॅलेंडर पुढे सरकतं. नायक टोकियोतल्या एका कॉफीच्या दुकानाच्या माळ्यावर राहतो, दिवसा शाळा, परीक्षा, उरल्या वेळात दुष्टांचं हृदयपरिवर्तन. रात्री कुठे निघावं म्हटलं की मॉर्गाना नावाचं बोलकं मांजर आडवं येतं: आज दमलायस, झोप आता. त्यावर अपील नाही. दिवा बंद, दिवस संपला.

आई सोफ्यावर शेंगा सोलत हे बघत होती. म्हणाली, “बारावीला मी हेच रोज सांगत होते, तेव्हा नाही रे ऐकलंस. या मांजराला पगार किती देतात?”