बसता येईना, सांगता येईना : जुन्नर-आंबेगावकरांसाठी मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या अशा गृहस्थांसाठी आहे, ज्यांना मूळव्याध नाही. मूळव्याध असलेला माणूस या दोन तालुक्यांत अद्याप कोणी पाहिलेला नाही. इथे होते ती फक्त 'उष्णता'. एसटी स्टँडच्या मुतारीत 'मूळव्याध, भगंदर, फिशर : बिगर ऑपरेशन' अशी पत्रकं चिकटवणाऱ्यांचा धंदा मग कोणाच्या जिवावर चालतो, हे एक गूढच आहे.

प्रथम पूर्वतयारी. या उष्णतेची खाज आपोआप सुटत नाही, तिच्यासाठी मेहनत घ्यावी लागते. चैत्र लागला की गावोगावच्या यात्रा सुरू होतात आणि मासवडीचा बेत ठरतो. तीळ, खोबरं, लसणाचं सारण भरलेल्या त्या वड्या तशा निरुपद्रवी. खरं काम करतो तो सोबतचा रस्सा. भाकरी चुरावी, वर तर्री येईल असा रस्सा ओतून घ्यावा आणि वाढप्याने विचारलं तरी 'बस्स' म्हणू नये, कारण ती माघार समजली जाते. मिरचीतला तिखटपणा पोटात पुरता पचत नाही. आत येताना त्याने जी वर्दी दिलेली असते, तीच तो दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर पडताना देतो. रश्श्याच्या बाजूने एवढं मात्र नमूद केलं पाहिजे की मूळव्याध तो निर्माण करत नाही. असलेल्या दुखण्यावर तो फक्त आग ओततो.

दुखणं होतं ते कुंथण्याने. गुदद्वाराच्या आत रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या प्रत्येकालाच असतात, अगदी सरपंचांनाही. बद्धकोष्ठ, कमी पाणी आणि संडासात मोबाइल घेऊन मांडलेलं ठाण यांनी त्या फुगतात आणि खाली सरकतात. त्यांना आपण कोंब किंवा मोड म्हणतो. त्यांतून चिकट स्राव पाझरतो, जागा नीट साफ होत नाही, सतत ओलसर राहते आणि कातडी चिडते. खाज ती हीच.

बसण्याचा सराव करायचा तर बैलगाडा शर्यतीच्या घाटासारखी जागा नाही. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१मध्ये पुन्हा परवानगी मिळाली आणि मे २०२३मध्ये त्यावर शिक्कामोर्तब झालं. मधल्या काळात बैलांना विश्रांती मिळाली तशी पंचक्रोशीतल्या बैठकींनाही मिळाली असावी. आपल्याकडे पळत्या गाड्यावर माणूस बसत नाही, पुढे घोडी पळते. बसण्याचं सगळं काम प्रेक्षकांकडे असतं. सकाळपासून फायनलपर्यंत तापल्या दगडावर, घामाने भिजलेल्या टेरिकॉटच्या पँटीत बसून दाखवावं. ज्यांना हे जमत नाही त्यांनी नारायणगावहून टोमॅटोची गाडी रात्रीतून मुंबईला न्यावी.

आता चारचौघांतलं वर्तन. सोसायटीच्या सभेत खुर्चीच्या कडेवर एका मांडीचा भार टाकून बसावं. लोकांना वाटतं, हा आता उठून विरोध करणार. खाज अनावर झाली तर मागच्या खिशात किल्ली शोधावी. मोटारसायकल बाहेर उभी नसेल तर पाकीट शोधावं. रात्रीच जोर होत असेल आणि घरातली पोरंही त्याच उद्योगात असतील, तर मात्र मूळव्याधीला दोष देऊ नये, ते बहुधा जंत असतात. डॉक्टरांना विचारून सगळ्या घराने एकदम औषध घ्यावं.

सगळ्यात मोठी चूक स्वच्छताप्रिय माणूस करतो. खाज सुटली म्हणजे घाण राहिली, असं समजून तो साबण लावतो, मग जंतुनाशक लावतो, मग खसाखसा घासतो. दुधाची कॅन धुण्याची ही पद्धत इथे चालत नाही. साबणाने कातडीचा तेलकटपणा जातो, घासण्याने बारीक चिरा पडतात आणि खाज दुपटीने परत येते. म्हणून मग आणखी साबण. त्या जागेला एवढा मान आयुष्यात कधी मिळालेला नसतो. साधं पाणी पुरतं. नंतर मऊ सुती कापडाने टिपावं, पुसू नये. वर झिंकचं मलम चालतं. स्टिरॉइडचं मलम डॉक्टरांनी दिलं तरच, आणि तेही आठवड्याच्या वर नको. कातडी पातळ होते.

खरा उतारा म्हणजे कोमट पाणी. पसरट टबात किंवा घमेल्यात दहा-पंधरा मिनिटं बसावं, दिवसातून दोन-तीनदा. पाण्यात काही टाकायची गरज नाही. अडचण येते ती घमेलं मागताना.

"कशाला हवंय?"

"पाय शेकायचेत."

पंधरा मिनिटांनी मोरीतून बाहेर आल्यावर कारभारीण खाली बघते. "अहो, पाय तर कोरडे ठक्क!"

पोटाचं म्हणाल तर बाजरीची भाकरी, पालेभाजी, सालीसकट कडधान्यं आणि भरपूर पाणी. इसबगोल भरपूर पाण्याबरोबरच घ्यावा, नाहीतर तोच आत घट्ट होऊन बसतो. आयुर्वेदाने मूळव्याधीत ताक, सुरण आणि हिरडा यांची भलामण केली आहे. हिरडा तर आपल्याच रानातला. भीमाशंकर, डिंभे, नाणेघाट या पट्ट्यात महादेव कोळी कुटुंबं उन्हाळ्यात बाळहिरडा वेचतात, वाळवतात, विकतात. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात ही झाडं मोडली, तेव्हा भरपाईसाठी त्यांना आंदोलनं करावी लागली. तोच हिरडा पुढे दाढीवाल्या ऋषीचं चित्र असलेल्या डबीतून चूर्ण होऊन परत येतो, आणि मंचरचा गृहस्थ ती डबी पुण्याहून मागवतो. रानात वेचणाऱ्याला काय भाव मिळाला, हे डबीवर छापत नाहीत. रोजच्या रोज मात्र हिरडा वैद्याला न विचारता घेऊ नये.

रक्त पडत असेल तर ही मार्गदर्शिका बाजूला ठेवावी. 'मूळव्याधीचंच असेल' असं स्वतः ठरवू नये. आतड्याच्या कॅन्सरमध्येही रक्त पडतं. शौच काळं होणं, वजन उतरणं, शौचाची सवय अचानक बदलणं, ही लक्षणं असतील किंवा वय पंचेचाळिशीच्या पुढे असेल, तर तपासणी टाळू नये. पत्रकवाल्याकडे जाऊन जळजळीत क्षाराने ती जागा भाजून घेऊ नये. पुष्कळदा आतल्या कोंबाला रबराचं बारीक कडं घालून काम भागतं, आणि त्याच दिवशी घरी येता येतं.

ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून जुन्नरकर मंचरला दाखवत नाही, मंचरकर नारायणगावला दाखवत नाही. दोघेही राजगुरूनगर गाठतात.

"काय पाव्हणं, इकडं कुठं?"

"चुलत्याचा रिपोर्ट न्यायला आलतो."

"मीबी चुलत्याचाच."

शेजारी दोन खुर्च्या रिकाम्या असतात, पण 'बसा' असं कोणीच कोणाला म्हणत नाही.