आपली ओळख आहे!

राजवाडे बघणाऱ्यांच्या दोन जाती. एक तिकीट काढून बघणारे आणि दुसरे आमचे दाजी. हे नेमके कुणाच्या बहिणीचे यजमान, ते आता कुणालाच आठवत नाही. पण अख्खं कागल त्यांना दाजीच म्हणतं. "तिकीट काढून बघायचं ते म्युझियम. ओळखीनं बघायचा तो वाडा," हे त्यांचं ब्रीद. त्यामुळे कोल्हापूरचा न्यू पॅलेस त्यांच्या हिशेबी बाद. मेजर मँटनं आखलेला, १८७७ ते १८८४ अशी सात वर्षं खपून उभा केलेला तो काळ्या दगडाचा राजवाडा त्यांना नापसंत आहे असं नव्हे. पण शाळेच्या सहलीमागनं रांगेत आत शिरायचं? दाजींनी?

पुण्या-मुंबईचे मित्र गोव्याला निघाले की दाजी त्यांना हायवेवरनं कागलात उतरवून घेतात. "घाटगे सरकारांचा वाडा आतनं बघितलाय काय कधी? मग काय बघितलंसा आयुष्यात? चला, आपली ओळख आहे." कागल म्हणजे राजकारणाचं विद्यापीठ. इथं बाळाचं नाव बारशाला ठरतं, गट त्याच्या आधी. अशा गावात दाजींची सगळ्याच गटांत ओळख आहे. कुठल्याच गटात मत मोजलं जात नाही, ती गोष्ट वेगळी.

ही ओळख नेमकी कुणाशी, ते वाड्याच्या दारात कळतं. गैबी चौकापासून दाजी फोन कानाला लावून "हां, आलोच, दारातच आहे" असं म्हणत चालतात. पलीकडे कोण आहे, कुणी विचारू नये. देवडीवरचा पहारेकरी मात्र त्यांना बघून खरोखरच हसतो आणि निरोप घेऊन आत जातो. तो परत येईपर्यंत दाजी उंबऱ्याच्या अलीकडे उभे राहून पलीकडच्या भिंतीची जाडी सांगतात. कारभारी भला माणूस. "या, बघा की," म्हणून तो दार उघडून देतो. दाजी मित्रांकडे असं बघतात, जणू किल्ल्या त्यांच्याच कमरेला होत्या.

आत पाऊल पडताच त्यांचा आवाज खाली येतो आणि हात पाठीमागं जातात. बाहेर "काय मर्दा!" म्हणणारे दाजी आत "आपण इकडून यावं" म्हणू लागतात. "कुणी कशाला हात लावायचा न्हाई," हा हुकूम कुजबुजत सुटतो आणि स्वतःचा तळवा मात्र शिसवी खुर्चीच्या पाठीवरनं हळूच फिरून येतो. तसबिरीतल्या प्रत्येक फेटेवाल्याला ते बेधडक "आबासाहेब" ठरवतात. दहा माणसांत एखादा तरी आबासाहेब निघणारच, हा त्यांचा अभ्यास.

"शाहू महाराज इथंच जन्मले," असं त्यांनी गेल्या खेपेला सांगितलं, तेव्हा पाहुण्यांतल्या एक मास्तरीणबाई म्हणाल्या, "दाजी, जन्म कसबा बावड्यातला. २६ जून १८७४."

दाजी क्षणभरही अडखळले नाहीत. "जन्म बावड्याचा असंल वहिनी, पण घर हेच. जयसिंगराव आबासाहेब घाटग्यांचा थोरला लेक, यशवंतराव. १७ मार्च १८८४ ला दत्तक गेला आणि शाहू छत्रपती झाला. कागलनं पोरगं दिलं म्हणून कोल्हापूरला राजा मिळाला!" हे बोलताना त्यांची छाती अशी फुगली, जणू दत्तकपत्रावर साक्षीदार म्हणून त्यांचीच सही असावी.

मग फोटो. दाजी वाड्याचा फोटो कधीच काढत नाहीत. वाड्यासकट स्वतःचा काढवून घेतात. खांब अर्धा आला तरी चालेल, दाजी पुरे यायला हवेत. कारभाऱ्यानं चहा पाठवला, तर तो ते इतका सावकाश पितात की मित्रांचा गोवा लांबतो. संध्याकाळी चौकात हाच चहा वाढत जातो. आधी तो "वाड्यावरचा" असतो, मग "सरकारांनी आग्रह केलेला", आणि आठवड्याच्या बाजारापर्यंत "सरकारांनी स्वतः ओतून दिलेला" होतो. सरकार त्या दिवशी गावात होते की नव्हते, ही चौकशी कागलात कुणी करत नाही. दाजी निरुपद्रवी आहेत आणि पाहुण्यांना फुकटात वाडा बघायला मिळतो, एवढं गावाला पुरतं.

परवा वाड्यात चहा घेताना मात्र त्या मास्तरीणबाईंनी चिमटा काढलाच. "दाजी, या घरातला मुलगा राजा झाला आणि उठून कुठं गेला ठाऊक आहे? गंगाराम कांबळ्यांच्या हॉटेलात. ज्यांच्या हातचं पाणी लोक घेत नव्हते, त्यांना महाराजांनीच हॉटेल काढून दिलं आणि चारचौघांदेखत तिथला चहा घेतला. राजानं वाड्याबाहेरच्यांशी ओळख केली. तुमची सगळी धडपड वाड्यातल्यांशी ओळख सांगायची."

सगळे गप्प झाले. दाजींनी बशीत उरलेला चहा संपवला, मिशी पुसली आणि गंभीरपणे म्हणाले, "ते हॉटेल आता हाय का न्हाई कुणास ठाऊक. पण असंल, तर रविवारी जाऊ. तिथं पण आपली ओळख निघंल."