आग्रहाची तबकडी

मराठी माणसाच्या आग्रहाला दोन ठिकाणी ऊत येतो: पंगतीत जिलबी वाढताना आणि दिवाणखान्यात आवडता ॲल्बम लावताना. पंगतीत पानावर आडवा हात धरायची सोय आहे. दिवाणखान्यात कानांवर हात ठेवले तर नातं तुटतं.

प्रस्तुत लेखकाचे मेहुणे कोल्हापूरचे. धंदा ट्रकांचा, स्वभाव मऊ. ड्रायव्हर दोन दिवस उशिरा आला तरी आवाज चढत नाही. पण संध्याकाळी रेकॉर्ड प्लेअरचं झाकण उघडलं की हाच गृहस्थ हुकूमशहा होतो. “दाजी, बसा. मोबाइल तिकडं ठेवा. आजवर काय ऐकलंय ते इसरा.” मग विधी सुरू होतो. तबकडी कव्हरातून निघते, दोन तळव्यांमध्ये कडांवर तोलली जाते, दिव्याखाली तिरकी धरून धुळीचा तपास होतो, मखमली ब्रश खोबणीच्या दिशेनं फिरतो. सुई अलगद टेकते. खर्रर्र होतं. आणि त्याच क्षणाला मेहुण्यांचं तोंड सुरू होतं. सुई आणि जीभ एकाच तरफेला जोडल्या असाव्यात, असा प्रस्तुत लेखकाला दाट संशय आहे.

अशा आग्रही रसिकाचं एक लक्षण म्हणजे तो स्वतः ऐकत नाही, पाहुण्याचा चेहरा बघतो. दर दीड मिनिटानं तर्जनी वर जाते. “आता बघा हं... आता येतंय... हे! ऐकलंत?” पाहुण्यानं अर्थातच ऐकलेलं नसतं, कारण त्या जागेवर “हे!” ऐकू आलेलं असतं.

मेहुण्यांचा पहिला आग्रह ठरलेला असतो, ‘कॉल ऑफ द व्हॅली’चा. एचएमव्हीची ही तबकडी १९६७ सालची. शिवकुमार शर्मांचा संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर. संतूर, बासरी आणि गिटार वाजवणारे तिघेही तेव्हा तिशीच्या आसपासचे. संतूर हे शास्त्रीय संगीताचं वाद्य होऊच शकत नाही असं मानणारे जाणकार त्या काळी भरपूर होते, आणि गिटार तर बोलूनचालून परकी. अशी वाद्यं घेऊन ही मंडळी काश्मिरातल्या एका मेंढपाळाचा दिवस सांगायला बसली. पहाटेचा अहिर भैरव, मग पुढचे प्रहर आणि शेवटी पहाडी. तबकडीचे निर्माते होते जी. एन. जोशी. वकिलीचं शिक्षण घेतलेले, १९३०च्या दशकात ‘रानारानांत गेली बाई शीळ’ गाऊन मराठी भावगीताच्या उगमापाशी जाऊन बसलेले आणि पुढे एचएमव्हीत रेकॉर्डिंगचा कारभार पाहणारे. म्हणजे काश्मीरच्या या दरीलाही एक मराठी दरवाजा आहे. हा मुद्दा मेहुणे दर वेळी सांगतात आणि दर वेळी नवा असल्यासारखा सांगतात.

ही तबकडी का ऐकावी? मेहुण्यांचं उत्तर: “दाजी, शांतता बघा शांतता!” प्रस्तुत लेखकाचं उत्तर थोडं निराळं आहे. संतुराच्या तारेवर कलम पडलं की स्वर उमटतो आणि लगेच विरायला लागतो, तो धरून ठेवता येत नाही. बासरीला श्वास पुरेल तोवर स्वर लांबवता येतो. काबरांची गिटार तारेवरून घसरत एका स्वरातून दुसऱ्यात जाते, थेट गळ्यासारखी. एकाची उणीव जिथं सुरू होते तिथं दुसरा हलकेच आत येतो, आणि कोणीही कोणाच्या पुढे घुसत नाही. तीन तरण्या वादकांनी असं वागावं हे कुठल्याही काळात दुर्मीळच.

मात्र ही तबकडी क्रमानंच ऐकायची. मेहुण्यांच्या भाच्यानं एकदा ती मोबाइलवर उलटसुलट क्रमानं लावली. त्यामुळे मेंढपाळ आधी रात्रीला भेटला आणि मग पहाटे उठला. मेहुण्यांनी तो मोबाइल अक्षरशः उशीखाली दाबला. या बाबतीत त्यांना थेट लंडनहून पाठिंबा आहे. नोव्हेंबर २०२१मध्ये ॲडेल या गायिकेचा ‘३०’ हा ॲल्बम आला, तेव्हा तिच्या सांगण्यावरून स्पॉटिफायनं ॲल्बम आपोआप उलटसुलट वाजवणारं मुख्य बटण बदललं. गाण्यांचा क्रम आम्ही विचार करून लावतो, असं तिचं म्हणणं. मेहुण्यांनी तिचं एकही गाणं ऐकलेलं नाही, पण “पोरगी शहाणी दिसतीय” असा शेरा दिला.

क्रमामागे नुसती कलावंताची हौस नसते, यंत्राचीही अडचण असते. लाँग प्लेइंग तबकडी मिनिटाला तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेते आणि एका बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटं मावतात. फेऱ्यांचा वेग तोच, पण सुई आत सरकते तसा खोबणीचा घेर लहान होत जातो आणि आवाजातला बारकावा घटतो. म्हणून दणदणीत गाणं बाहेरच्या कडेला आणि शांत गाणं आतल्या बाजूला, असं जाणते निर्माते बघत. पूर्वीच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर तर जेमतेम तीन मिनिटं. अब्दुल करीम खाँसाहेबांना तेवढ्यात भैरवी संपवावी लागे. त्यांनी ती अशी संपवली की आजही ऐकणाऱ्याला अपुरं काही वाटत नाही. हल्लीच्या काही वक्त्यांना ती तीन मिनिटं सक्तीनं ऐकवावीत, असं एक जाता जाता सुचवून ठेवतो.

मेहुण्यांचं खरं दैवत मात्र किशोरी आमोणकर. कोल्हापूरकराला हे शोभतंच. शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना दरबारी आश्रय दिला, खाँसाहेबांकडे मोगूबाई कुर्डीकर शिकल्या, आणि मोगूबाईंच्या कन्या किशोरीताई. त्यामुळे या सगळ्यांचं जयपूर घराणं म्हणजे घरचंच कार्य, असा मेहुण्यांचा समज. किशोरीताईंची एक एलपी त्यांच्याकडे आहे, एका बाजूला बागेश्री, दुसऱ्या बाजूला भूप. भूपात स्वर पाचच, मध्यम आणि निषाद गैरहजर. एवढ्या कमी सामानात बाईंनी काय संसार मांडलाय ते ऐकण्यासारखं आहे. प्रत्येक स्वरावर त्या अशा थांबतात की तो स्वर पहिल्यांदाच सापडला असावा. ही तबकडी चालू असताना मेहुणे एक शब्दही बोलत नाहीत, हा तिचा आणखी एक गुण.

आग्रहाचा तिसरा अंक परदेशी. कीथ जॅरेट या अमेरिकन पियानोवादकाचा ‘कोल्न कॉन्सर्ट’. तारीख २४ जानेवारी १९७५, जागा जर्मनीतल्या कोल्न शहराचं ऑपेरा हाउस. कार्यक्रम ठरवणारी व्हेरा ब्रँडेस अवघ्या अठरा वर्षांची. जॅरेटनं मागितला होता मोठा, चांगला पियानो. रंगमंचावर येऊन उभा राहिला लहान, बेसूर आणि पायपट्ट्या धड न चालणारा. गावाकडच्या जलशांत भाता फुटलेल्या पेटीवर रात्र काढलेल्या कोणालाही पुढचा प्रसंग डोळ्यांसमोर उभा राहील. गडी वाजवायला नाही म्हणाला. पोरगी पावसात त्याच्या मागे गेली. शेवटी तो तयार झाला, आणि रात्री साडेअकराला वाजवायला बसला. खालच्या पट्टीत दम नाही आणि वरचे स्वर कर्कश, म्हणून तो मधल्या भागातच घोळत राहिला आणि डाव्या हातानं तीच लय पुन्हा पुन्हा फिरवत राहिला. आधी ठरवलेलं जवळजवळ काहीच नव्हतं. त्या अडचणीतून जे उभं राहिलं ते दोन तबकड्यांवर आलं आणि एकल पियानोच्या सर्वांत जास्त खपलेल्या ॲल्बमांत जाऊन बसलं. सुरुवातीलाच कान देऊन ऐका, काही श्रोते हसल्याचा आवाज येतो. पहिले स्वर ऑपेरा हाउसच्या घंटेवरून उचलले होते आणि लोकांनी ते ओळखले, असं म्हणतात.

जॅरेटला वाजवताना कण्हायची सवय होती, आणि ते सगळं तबकडीत उतरलंय. वहिनी चहा घेऊन आल्या, दोन मिनिटं उभ्या राहिल्या आणि काळजीनं म्हणाल्या, “अहो, त्यांचं पोट दुखतंय का?”

“पोट न्हाई, पाठ,” मेहुणे म्हणाले.

आणि हे खरं आहे. त्या रात्री जॅरेटची पाठ धरलेली होती, तो पट्टा बांधून बसला होता.

याच परदेशी अंकात पुढे येतो माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’, जॅझमधला सर्वमान्य ॲल्बम. १९५९ साली न्यू यॉर्कमध्ये, एका जुन्या चर्चच्या इमारतीत थाटलेल्या स्टुडिओत तो दोन बैठकांत संपला. डेव्हिसनं वादकांपुढे पूर्ण लिहिलेलं संगीत ठेवलंच नाही, थोडे आराखडे दिले. इथं स्वरसंगती भराभर बदलत नाहीत, एकाच स्वरसमूहात वादक बराच वेळ राहतो. रागाची सवय असलेल्या कानाला त्यामुळे हा जॅझ परका वाटत नाही. यात एक गंमत आहे. पहिल्या बैठकीचं ध्वनिमुद्रण करणारं यंत्र किंचित हळू चालत होतं, म्हणून तबकडीची पहिली बाजू वाजताना थोडी चढी लागायची. ही चूक १९९२ साली दुरुस्त झाली. म्हणजे तेहतीस वर्षं जगभरचे होतकरू वादक या तबकडीबरोबर सूर जुळवायला बसले आणि आपलंच वाद्य उतरलंय असं समजून खुंट्या पिळत राहिले असणार.

मेहुण्यांनी असे बरेच ॲल्बम पहिल्यांदा ऐकले ते नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर. तबकड्या उसन्या आणायच्या आणि कॅसेटच्या एकेका बाजूवर एकेक उतरवायची, हा तेव्हाचा रिवाज. बाजू पंचेचाळीस मिनिटांची, तबकडी बहुधा चाळीसची. उरलेली जागा फुकट कशी घालवायची? मग तिथं हाताला येईल ते भरलं जायचं. त्यांच्या कॅसेटवर एका थोर ॲल्बमनंतर एक लावणी आहे. आज ते त्या ॲल्बमची मूळ तबकडी लावतात तेव्हाही शेवटचा स्वर विरताच त्यांचा पाय ढोलकीच्या ठेक्यासाठी आपोआप उचलला जातो. शास्त्रीय दृष्ट्या हा गुन्हा असेल. पण ऐकणाऱ्याचे ॲल्बम असेच बनतात.

गेल्या दिवाळीत भाच्यानं डाव उलटवला. “मामा, आता तू बस. हेडफोन लाव. बोलायचं नाही.” आणि त्यानं ‘सैराट’ लावलं, अजय-अतुलचं, २०१६चं. मामा हसले. ‘झिंगाट’ ऐकायला हेडफोन कशाला, वरातीत फुकट मिळतं! पण भाच्यानं लावलं होतं ‘याड लागलं’. या चित्रपटासाठी वाद्यवृंदाचं ध्वनिमुद्रण हॉलिवूडच्या स्टुडिओत झालं होतं. वरातीच्या भोंग्यात बुडून जाणारी व्हायोलिनं हेडफोनमध्ये एकेक करून वर येतात, आणि अस्सल गावरान शब्दांमागे एवढा मोठा ताफा इतक्या अदबीनं उभा आहे हे पहिल्यांदा कळतं. गाणी चारच. मामांनी चारही ऐकली, सलग, क्रमानं. मधे एकदा तोंड उघडलं, तर भाच्यानं तर्जनी वर केली. “आता बघ हं मामा... आता येतंय...”

खानदानी दोष आहे, जाणार नाही.

तेव्हा वाचकहो, कोणाला ॲल्बम द्यायचा असेल तर एकच द्या. दहा दिलेत तर तो एकही ऐकणार नाही. तो तुमच्या घरी ऐकत असेल तर तुम्ही स्वयंपाकघरात जाऊन चहा टाका, आणि चहा झाला तरी बाजू संपेपर्यंत बाहेर येऊ नका. घरी नेला असेल तर आठ दिवस “ऐकलंस का?” असं विचारू नका. सुरुवात कशानं करावी असा प्रश्न असेल, तर ‘कॉल ऑफ द व्हॅली’ चाळीस मिनिटांच्या आसपास संपते. जेवणाआधी आरामात होईल.