भुयारवाले सर

नांदेडहून माहूरला निघालेल्या क्रूझरमध्ये ड्रायव्हरशेजारची खिडकीची जागा कोणाची, हे विचारायचं नसतं. ती सरांची. मांडीवर रेक्झिनची पिशवी, पिशवीत तीन सेलची टॉर्च, पन्नास फुटी टेप आणि सुतळीचं बंडल. देवीच्या दर्शनाला चाललेला माणूस सुतळी कशाला घेतो, असं एखादा नवखा विचारून बसतो. जुने लोक खिडकीबाहेर बघायला लागतात, कारण उत्तर भोकर येईपर्यंत संपत नाही.

सुतळी भुयारासाठी.

सर चित्रकला, आणि कोणी रजेवर असेल तेव्हा इतिहास, शिकवून निवृत्त झाले. तेव्हापासून महिन्या-दोन महिन्यांनी ते ‘एकदिवसीय अभ्यास सहल’ काढतात. सकाळी सहाला आयटीआयपाशी जमायचं. वर्गणी सातशे, त्यात वाटेत नाश्त्याला सुशीला आणि दोन वेळचा चहा. धपाटे ज्याचे त्यानं आणायचे. कंधार, उदगीर, औसा, होट्टल असं सगळं झालंय आमचं. मराठवाड्यात पडकी वास्तू आणि रिकामे पेन्शनर या दोन्हींची टंचाई नाही.

आता सरांचा नकाशा. उदगीरच्या किल्ल्यातून भुयार निघतं ते बीदरला. औशाचं दौलताबादला. कंधारचं नांदेडच्या नंदगिरी किल्ल्याला. आपल्याला नांदेडहून लातूरला रेल्वेनं जायचं तर परभणी-परळी असा वळसा पडतो. सरांच्या भुयारानं सरळ जाता येतं. एकदा मी म्हणालो, “सर, कंधार आणि नांदेडच्या मधे गोदावरी आहे.”

“म्हणूनच तर खोल खणलंय!”

इतिहासाची वाटणी त्यांनी याच हिशेबानं केली आहे. १७६० साली उदगीरला सदाशिवरावभाऊंनी निजामाला हरवलं, हे सर एका वाक्यात उरकतात. निजामाचा खजिना त्या वेळी भुयारातून कसा पसार झाला, याला मात्र उदगीर ते जळकोट एवढा रस्ता लागतो. कंधारला राष्ट्रकूटांनी बांधलेला जलाशय आजही पाणी धरून आहे. तिथं आम्हाला जेमतेम चूळ भरायला वेळ मिळाला. एका बुरुजाखालच्या बिळापुढं मात्र आम्ही पाऊण तास उकिडवे होतो. त्यातून शेवटी मुंगूस निघालं.

पुरावे तयारच असतात. पहिला पुरावा शेळीचा. पूर्वी कोणीतरी गळ्यात घुंगरू बांधून शेळी आत सोडली आणि ती आठ दिवसांनी दुसऱ्या गावी निघाली. प्रत्येक भुयाराला अशी एक शेळी आहे. दुसरा पुरावा वऱ्हाडाचा. वाजतगाजत आत शिरलं ते परत आलंच नाही. शेळीला वाट सापडते आणि वऱ्हाडाला नाही, याचं कारण सरांना विचारलं तर म्हणतात, “शेळीला मानपान नसतो.” याच्यापुढं काय बोलणार?

मग भुयार दिसत का नाही? चिणलंय. कोणी? निजामानं. कधी? १९४८ च्या पोलीस ॲक्शनच्या आदल्या रात्री. त्या रात्री निजामाच्या गवंड्यांनी किती तोंडं चिणली असतील, याचा हिशेब करता हैदराबादचं सैन्य लढायला का उरलं नाही ते कळतं. मधे काही दिवस सर म्हणायचे की १९९३ च्या भूकंपात बुजलं. एकदा गाडीत औसा तालुक्यातल्या एक मावशी होत्या. ३० सप्टेंबरच्या त्या पहाटे किल्लारीजवळचं त्यांचं माहेर ढिगाऱ्याखाली गेलं होतं. मावशी काहीच बोलल्या नाहीत, नुसता पदर सारखा केला. तेव्हापासून सरांनी भूकंपाचं नाव काढलेलं नाही. बुजवायचं काम परत निजामाकडं गेलं.

माहूरच्या वाटेवर मात्र ते विशेष खुलतात. किनवट मागं पडतं, सागाचं रान लागतं, मधूनच एखादा तांडा, चढणीवर गाडी धापा टाकते. कोणीतरी भाविकपणे सांगायला लागतं की दत्तगुरू रोज काशीला स्नान करतात, कोल्हापूरला भिक्षा मागतात आणि निद्रेला माहूरच्या शिखरावर येतात. सगळे हात जोडतात. सर जोडलेल्या हातांनीच मागं वळतात.

“काशी, कोल्हापूर, माहूर. एका दिवसात. वरच्या रस्त्यानं शक्य आहे का?”

साडेतीन पीठांतलं हे एक पूर्ण पीठ. रेणुकामातेचं फक्त मुख जमिनीतून वर आलेलं. पायऱ्या चढून गेलं, दर्शन झालं, प्रसादाचा तांबूल तोंडात गेला की बहुतेकांचं माहूर झालं. सरांचं तिथून सुरू होतं. खाली पांडवलेणी आहेत. महाराष्ट्रातल्या लेण्यांची नावं वाचली तर पांडवांना वनवासात छिन्नी-हातोड्याशिवाय दुसरा उद्योगच नव्हता असं वाटावं. अभ्यासक या लेण्यांना राष्ट्रकूटांच्या काळात नेतात. अख्खा डोंगर आतून पोखरून खांब उभे केलेत, नुसतं बघत बसावं. सर मागच्या भिंतीवर टिचक्या मारत फिरतात आणि कान लावतात.

“पोकळ आहे.”

“सर, हे सगळंच पोकळ आहे. लेणं आहे हे.”

गेल्या खेपेला माहूरच्या किल्ल्यावर शेवटी मीच रायबागनची गोष्ट काढली. माहूरच्या देशमुखांची सून सावित्रीबाई. नवरा लढाईत पडल्यावर तिनं तलवार उचलली आणि औरंगजेबानं तिला रायबागन म्हणजे राजवाघीण हा किताब दिला. १६६१ मध्ये मोगल सरदार कारतलबखान उंबरखिंडीत शिवाजी महाराजांच्या कोंडीत सापडला तेव्हा शरण जाण्याचा सल्ला त्याला तिनंच दिला म्हणतात. अशी बाई आपल्या मुलखात होऊन गेली आणि आपल्याकडं कोणाला पत्ता नाही! मी जरा जोशातच बोललो असेन. सरांनी सगळं ऐकून घेतलं.

“आणि ती किल्ल्यातून बाहेर पडायची कशी? दारानं?”

एक मात्र कबूल करायला हवं. त्या दिवशी माहूरला आलेल्या एवढ्या गाड्यांमधून किल्ल्यात शिरलेले आम्ही तेरा जणच होतो. दोन तास तटाच्या कडेनं हिंडलो. बाभळीचे काटे काढले, दरवाज्यांच्या कमानी पाहिल्या, तळ्याच्या काठावर धपाटे खाल्ले. गुडघेदुखीवाले देशपांडेकाका शेवटच्या बुरुजापर्यंत आले, कारण भुयार त्याच्या पुढं आहे असं सरांनी प्रत्येक बुरुजावर सांगितलं होतं. नुसता इतिहास सांगितला असता तर काका गाडीतच झोपले असते.

तिथं शेळ्यांमागं एक पोरगा होता. सरांनी विचारलं, “बाळा, इथं भुयार कुठं रे?”

पोरानं काठीनं तटाच्या बुडाशी एक भगदाड दाखवलं. सरांचा हात पिशवीत गेला. त्यांच्या उभ्या आयुष्यात असं कोणी पहिल्या फटक्यात दाखवलं नव्हतं.

“आत कोणी गेलंय का कधी?”

“हाव. म्या जातो नं रोज. शेळ्याबी जातेत.”

“शेळ्या!” सर आमच्याकडं वळले. आवाज घोगरा झाला होता. “आणि निघतात कुठं?”

“भिंतीच्या तिकडं. चारा हाय तिकडं.”

देशपांडेकाकांना खोकला आला. दोघी जणी पदर तोंडाला लावून तळ्याकडं बघू लागल्या. सर मात्र शांतपणे खाली बसले. सुतळीचं टोक पोराच्या हातात दिलं, त्याला आत पाठवलं, पलीकडून हाक आल्यावर सुतळी ओढून टेपावर मोजली आणि वहीत तारीख घालून लिहिलं : माहूर, भुयार, अकरा फूट, पुढील भाग निजामाने पाडला.

पुढची सहल खरोशाच्या लेण्यांची आहे. वर्गणी तीच, धपाटे घरचे, टॉर्च ज्याची त्यानं आणायची. देशपांडेकाकांनी नाव दिलंय. मीही दिलंय आणि टॉर्चला नवे सेल आणलेत.