मच्छरवाले भाऊजी

वर्ध्यात राहून जो मच्छरांची तक्रार करतो तो एक तर नवीन बदलून आलेला साहेब असतो, नाहीतर आमचे भाऊजी. बाकीचे आम्ही दिवेलागणीला पायावर पाय घासत टीव्ही पाहतो, मधूनच एक टाळी वाजवतो, तळहात उलटून बघतो आणि पुन्हा मालिकेत शिरतो. खरं सांगायचं तर घरी असताना भाऊजीही एवढंच करतात. पण सहलीसाठी घराला कुलूप लावून ऑटोत बसले रे बसले, की त्यांच्या अंगात अख्खं आरोग्य खातं संचारतं.

हा माणूस गावोगावी आहे. साठीच्या अलीकडे-पलीकडे, कुठल्यातरी कचेरीतून निवृत्त, आणि आयुष्यभर फायली वाचल्यामुळे ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचण्याची सवय लागलेला. ओडोमॉसमध्ये बारा टक्के डायइथाइल बेंझामाइड असतं, हे सांगताना भाऊजींचा चेहरा महागाई भत्ता सांगितल्यासारखा उजळतो. दर वर्षी २० ऑगस्टला ते व्हॉट्सॲपवर सगळ्यांना मच्छर दिनाच्या शुभेच्छा पाठवतात. १८९७ साली त्याच दिवशी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू दिसले होते. आमच्या आईनं एकदा उलट टपाली 'तुम्हालाही' असं लिहिलं होतं.

"मादीच चावते," भाऊजी सांगतात. "नर बिचारा फुलाचा रस पिऊन रायते."

"आन घरी येऊन चाय मांगते," ताई म्हणते.

या व्यासंगाचं मूळ त्यांच्या लहानपणात आहे, असा माझा अंदाज. हत्तीपायाचे जंतू दिवसा आत दडी मारतात आणि रात्री बाहेरच्या रक्तात येतात. त्यामुळे तपासणीचं पथक रात्री दहानंतर मोहल्ल्यात यायचं. कडी वाजायची, झोपलेल्या पोरांना उठवून बसवायचे, बोटाला सुई टोचून काचेवर थेंब घ्यायचे. मच्छर झोपेत रक्त घेतो हे एक वेळ ठीक, पण सरकारही झोपेतच घेतं, हे ज्यानं सातव्या वर्षी पाहिलं, त्याचा रात्रीवरचा विश्वास उडणारच.

गेल्या वर्षी डिसेंबरात आम्ही तारकर्लीला गेलो. एका बॅगेत आम्हा सगळ्यांचे कपडे आणि दुसरीत भाऊजींचा दारूगोळा: ओडोमॉसच्या सहा ट्यूबा, कासवछाप अगरबत्त्या, कापूर, कडुनिंबाचं तेल खोबरेलात कालवून भरलेली खोकल्याच्या औषधाची बाटली, तड्‌कन वाजणारी चार्जिंगची रॅकेट आणि डबल बेडची मच्छरदाणी. बाटलीचं झाकण सैल होतं. कुडाळला उतरलो तेव्हा भाऊजींच्या बनियनपासून चिवड्यापर्यंत सगळ्याला कडुनिंबाचा वास येत होता. चिवडा आम्ही तरीही खाल्ला.

मच्छरदाणीला चार कोपरे असतात आणि भाड्यानं घेतलेल्या खोलीत एकही खिळा नसतो, हा प्रश्न बांधकामवाल्यांनी अजून गंभीरपणे घेतलेला नाही. भाऊजींनी पहिली दोरी पडद्याच्या दांडीला बांधली, दुसरी टीव्हीच्या मागच्या लोखंडी पट्टीला, तिसरी बाथरूमच्या दाराच्या कडीला. चौथीला जागाच सापडेना, तेव्हा ती भाच्याच्या हातात दिली. "झोप लागेपर्यंत धरून ठेव." तो आज्ञाधारक पोरगा अर्धा तास पलंगाशी हात वर करून उभा होता, रेल्वेच्या जनरल डब्यातल्यासारखा. शेवटी ताईनं ती दोरी आपल्या पर्सला बांधून पर्स कपाटावर ठेवली. रात्री दोनला मी बाथरूमला उठलो आणि विसरून दार ओढलं. कडी माझ्याबरोबर आली, कडीबरोबर दोरी, दोरीबरोबर दाणी आणि दाणीबरोबर कपाटावरची पर्स, थेट भाऊजींच्या छातीवर. ते ओरडले नाहीत. अंधारातून फक्त आवाज आला, "एक आतमधीच आहे. अकरापासून शोधून राह्यलो मी त्याले."

समुद्राची गोष्ट त्याआधीची, त्याच संध्याकाळची. आम्ही सगळे चड्ड्यांवर वाळूत, आणि भाऊजी फुल बाह्यांच्या शर्टात, पँटची टोकं मोज्यात खोचून, कानटोपी घालून. मध काढायला निघालेला माणूस मोहोळ सोडून चुकून समुद्राकडे आला असावा तसे. किनाऱ्यावरच्या दोन कुत्र्यांनी त्यांना लांबूनच पाहून रस्ता बदलला.

"अजी, फुल पँट घाला म्हटलं होतं ना मी?" ते प्रत्येकाला सांगत फिरत होते. "मंग म्हणू नका."

आम्ही हसलो. सूर्य टेकला आणि वारा पडला. काही दिसलं नाही, काही ऐकू आलं नाही. वाळूतली ती चिलटं मोहरीच्या दाण्याहून बारीक. कानाशी गुणगुणायचं सौजन्यही त्यांच्यात नाही. वर्ध्याचा मच्छर निदान सांगून येतो.

सकाळी उठलो तेव्हा आमच्या घोट्यांवर रांगोळीचे ठिपके. भाऊजी हातात पेन घेऊन एकेकाचे पाय मोजत होते. आई सत्तेचाळीस. ताई एकतीस. मी छत्तीस, "डावा मोजायचा राह्यला." भाऊजी स्वतः शून्य. त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते ताईच्या लग्नातही मला दिसलं नव्हतं.

मग घरमालकीण आजी चहा घेऊन आल्या. पाय पाहून म्हणाल्या, "वारो पडलो की येतत ती. पंखो लावन बसाचा." बस्स. संध्याकाळी त्यांनी ओटीवर टेबलफॅन ठेवला आणि अंगणात नारळाच्या सोडणांचा धूर केला. इतक्या हलक्या जिवाला पंख्याच्या वाऱ्यात धड उडता येत नाही, आणि ज्या श्वासाचा माग काढत तो येतो तो श्वासही पांगतो. आम्ही निवांत बसून सोलकढी प्यालो. भाऊजी मात्र मोज्यांत पँट खोचून कोपऱ्यात बसले, कारण साडेचार हजारांच्या तयारीवर एका पंख्यानं पाणी फिरवलं होतं. धबधबे पाहायला दोडामार्गाकडे जायचं निघालं, तेव्हा त्यांना पुन्हा सूर सापडला. "२०१६ पासून माकडताप आहे तिकडं. गोचिडापासून होते." धबधबा रद्द झाला. ताई दोन दिवस बोलली नाही. ते मात्र गोचिडापासून झालं नव्हतं.

यंदा कोजागिरीच्या सुमारास मुंबईचे पाहुणे आले. पाहुण्यांना आधी सेवाग्राम दाखवायचं, मग बोरचं जंगल, हा आमचा शिरस्ता. आश्रमात साप पकडून दूर सोडण्याचा चिमटा आणि पिंजरा ठेवलेला आहे; सगळे तिथं थांबून कौतुक करतात. भाऊजी मात्र तिथं मच्छरदाणीचा विषय काढतात. १९३६ साली बापू शेगावला राहायला आले, तेव्हा त्या गावाचं सेवाग्राम व्हायचं होतं, आणि त्याच वर्षी त्यांना मलेरिया झाला. भाऊजी हे असं सांगतात, जणू केसपेपर त्यांनीच काढला होता. पाहुण्यांपैकी एक तरुण हाफ पँटमध्ये होता. भाऊजींनी त्याच्या पोटऱ्यांकडे पाहिलं. "बापूले सोडलं नाई, तुम्ही कोन?"

बोर हा देशातल्या लहान व्याघ्र प्रकल्पांपैकी एक, २०१४ साली तो दर्जा मिळालेला. जंगल लहान, म्हणून वाघ लवकर दिसेल असं पाहुण्यांना वाटत होतं. जिप्सीत बसण्यापूर्वी भाऊजींनी रांगेत उभं करून प्रत्येकाला तेल लावलं आणि गवतात पाय ठेवायचा नाही अशी तंबी दिली. २०१८ साली विदर्भात स्क्रब टायफसनं माणसं गेली, चावल्या जागी काळी खपली धरते, हे सांगितल्यावर त्या तरुणानं मुकाट्यानं ट्रॅक पँट चढवली. पाऊण तास सागाची पानं आणि चितळं. मग गाइडनं हात वर केला. इंजिन बंद. समोरच्या वाटेवर वाघीण, सावकाश, मान खाली घालून येत होती. तीस पावलं. वीस. कुणी श्वास घेईना.

फाट्!

भाऊजींनी स्वतःच्या मानेवर मारली होती. वाघिणीनं एकदा आमच्याकडे पाहिलं आणि ती बांबूत शिरली. भाऊजींनी तळहात उघडून पाहिला. "गोमाशी," ते शांतपणे म्हणाले. "घोड्याले बी सोडत नाई."

परतलो तर दारात आशाताई. डेंग्यूची पाहणी चालू होती. मोबाइलचा टॉर्च लावून त्या खिडकीतल्या कूलरची ताटी उचलत होत्या. कूलर मेमध्ये भरलेला, जूनमध्ये बंद केलेला, आणि 'उद्या काढू' म्हणत आता ऑक्टोबर. तळाशी बोटभर पाणी. पाण्यात शेकडो वळवळे.

"भाऊजी, हे काय हो?"

ताई काही बोलली नाही, नुसती पाहत राहिली. भाऊजींनी खिशातून चष्मा काढला, पुसला, कूलरमध्ये अर्धं डोकं घातलं आणि बराच वेळ न्याहाळलं. मग आवाज आला, पत्र्यात घुमून थोडा मोठा, आणि लपवलेल्या अभिमानाचा:

"एडिस आहे. दिवसा चावते."