घट धरून

नवरी मांडवात आली की बायका शालू बघतात, पुरुष पंगत बसायला किती वेळ आहे ते बघतात आणि शेठ तोळे बघतात. ती पाटावर उभी राहते न राहते तोच शेजारच्याच्या कानात निकाल सांगून मोकळे होतात, "साडेअकरा. हारात मीना हाय, घट धरून अकरा." अंतरपाट अजून धरलेलाच असतो.

शेठ म्हणजे सावकार नव्हे, आणि सराफ तर मुळीच नव्हे. माण, खटाव, आटपाडी, खानापूर ह्या पट्ट्यात ही पदवी गलाईवाल्याची असते. सोने-चांदी गाळून शुद्ध करणारा तो गलाईवाला. आमच्याकडे पाऊस माणसांना ओळख देत नाही, म्हणून माणसेच बाहेर पडली आणि देशभरच्या सराफकट्ट्यांवर भट्ट्या मांडून बसली. त्रिचूर असो, कोइमतूर असो की बनारस, पेढ्यांच्या मागच्या बोळात जाऊन भट्टीवाल्याला गाव विचारा. विटा, आटपाडी, म्हसवड असेच काहीतरी कानावर येण्याचा संभव दांडगा. हे लोक राहतात दुकानाच्या पोटमाळ्यावर आणि बंगले बांधतात गावाकडे. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला सिद्धनाथाचा रथ निघतो तेव्हा ते बंगले उघडतात, केरळ-तामिळनाडूच्या नंबरच्या गाड्या बोळाबोळात उभ्या राहतात, गुलाल-खोबरे उधळले जाते, "चांगभलं" होते आणि आठवड्यात पुन्हा कुलपे.

आमचे शेठ मात्र आता कायमचे आले आहेत. भट्टी मुलाकडे दिली. स्वतःकडे एक छोटा काटा, एक कसोटीचा दगड आणि अमर्याद वेळ ठेवला. १९७२ च्या दुष्काळात चुलत्याने त्यांना अर्ध्या चड्डीत जयपूरच्या जोहरी बाजारात नेले होते. तिथून बनारस, शेवटी त्रिचूर. परिणामी ते देवाला मराठीत हाक मारतात, हिशोब हिंदीत करतात आणि चिडले की मल्याळममध्ये बोलतात. समोरच्याला अर्थ कळत नसल्याने भांडण वाढत नाही, हा एक फायदा.

त्यांच्या लेखी जगात दोनच पदार्थ आहेत, माल आणि घट. घट म्हणजे वजनात भरते पण मुशीतून बाहेर येत नाही ते. खडा, लाख, मेण, डाक, आणि सगळ्यात बेरकी म्हणजे मीना. दागिन्यावरचा लाल-हिरवा रंग लोकांना नक्षी वाटतो, शेठना काच दिसते. ह्यातून त्यांची स्वतःची भाषा तयार झाली आहे. पुढाऱ्याने पाऊण तास भाषण केले की ते म्हणतात, "घट धरून दोन वाक्यं." एखाद्या गोडबोल्याविषयी मत विचारले तर, "माणूस बावीस कॅरेट हाय, पर मीना फार." नातवाच्या शाळेचे रंगीत माहितीपत्रक त्यांनी तळहातावर तोलले होते. पुढे काही बोलले नाहीत, पण मुलाला फी भरताना अवघडल्यासारखे झाले.

मीन्यावर त्यांचा राग आहे तो एका व्यवहारावरून. नवा दागिना घेताना बहुतेकदा मीना सोन्याच्या भावात तोलला जातो, आणि तोच दागिना मोडायला नेला की मीना घट म्हणून वजा. "घेताना सोनं, देताना काच," शेठ म्हणतात, "आणि मधल्या मधी शिव्या गलाईवाल्याला." हे म्हणताना ते जणू स्वतःच लुबाडले गेलेत असा चेहरा करतात. खरे तर त्यांची मजुरी कधी बुडाली नाही.

आणि गंमत अशी की मीन्याविषयी त्यांच्याइतके जाणणारा माणूस पंचक्रोशीत दुसरा नाही. पुण्याकडची सून आली तेव्हा हे उघड झाले. ती दागिन्यांची नक्षी आखायला रीतसर शिकलेली. तिने पहिल्याच महिन्यात सासऱ्यांना मीनाकारी समजावून सांगायला घेतली. काचेची पूड, तिच्यात धातूंची भस्मे, कोबाल्टने निळा, तांब्याने हिरवा, मग भट्टी. शेठ ऐकून घेत होते. ती थांबल्यावर म्हणाले, "आणि आधी कुठला रंग भरत्यात?"

सून गप्प.

"पांढरा. ज्याला जास्त आच सोसती तो आधी. लाल शेवटी, तो नाजूक. आधी भरला तर बाकीच्यांच्या आचेनं जातो. चांदीवर त्यो खुलतच न्हाय, मळकट होतो. सोन्यावर भरला की खालचं सोनं त्यातनं वर बघतंय." मीना बसतो साधारण ७५० ते ८५० अंशांना आणि सोने वितळते १०६४ ला. ह्या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत सगळी मीनाकारी बसलेली आहे, आणि शेठ जन्मभर त्या जागेच्या वरच्या टोकाला बसून होते. मीन्याचा दागिना ते सरळ मुशीत घालत नसत. आधी लाल करून पाण्यात सोडायचा. काच तडकते, धातू तग धरतो. चिकटून राहिलेला रंग मुशीत टाकणखाराबरोबर मळी होऊन वर येतो. कुठला रंग कसा सुटतो, जयपूरचे खोदकाम किती खोल, बनारसचा पांढऱ्यावर रंगवलेला गुलाबी किती पातळ, हे त्यांना चिमट्यातून कळलेले.

राजा मानसिंगाने सोळाव्या शतकाच्या अखेरीस लाहोरहून मीनाकार जयपूरकडे आणले, असे सांगतात. सुनेने हा इतिहास सांगितला तेव्हा शेठ शांतपणे म्हणाले, "आणलं त्यांनी. काढलं आमी."

तिच्या डोळ्यांत पाणी आले. कारण हिशोब सरळ होता. संस्थानिकांचे तनखे १९७१ साली बंद झाले आणि शेठ भट्टीवर बसायला शिकले ते त्याच्या लगेच पुढच्या वर्षांत. जुन्या घरांतून रात्रीचे गाठोडे यायचे, म्हणे. समोर कुंदनात बसवलेले खडे, ते मालक आधीच काढून घेई. उरलेल्या सांगाड्याच्या पाठीवर पोपट, कमळे, वेली, सगळे मीन्यात. कुंदनाच्या दागिन्याची पाठ अंगाला लागते, ती कुणाला दिसत नाही, तरी कारागिराने सगळा जीव तिथे ओतलेला.

"मागली बाजू दोघंच बघत्यात," शेठ म्हणाले. "घालणारी आणि मोडणारा."

"मामा, एक तरी ठेवायचा होता!"

"कशाला? माल पार्टीचा. घट तेवढी आपली."

बरेच दिवस तिने त्यांच्या चहात साखर बेताने घातली. पण ह्या घरात तज्ज्ञ एकच आहे हे तिला मान्य करावे लागले. तिने ऑनलाइन मागवलेली 'मीनाकारी' कर्णफुले शेठनी हातात घेतली, देवघरातल्या वातीवर सुई तापवली आणि रंगाला टेकवली. धूर निघाला, वास सुटला. "काच जळत न्हाय. हे रोगण हाय, रोगण." हल्ली पैंजण-जोडव्यांवर जो झगझगीत रंग दिसतो, त्यातला पुष्कळसा असा भट्टीचे तोंड न पाहिलेला, राळेचा असतो. सुनेने कर्णफुले परत पाठवली आणि तेव्हापासून ती सासऱ्यांना फोटो दाखवू लागली. बनारसच्या गुलाबी मीनाकारीला भौगोलिक मानांकन मिळालेय, २०२१ साली पंतप्रधानांनी कमला हॅरिस यांना गुलाबी मीनाकारीचा बुद्धिबळाचा पट भेट दिला, असले सगळे त्यांना सांगू लागली. शेठनी पटाचा फोटो मोठा करून पाहिला. चांदी असणार एवढेच बोलले. त्यांच्या तोंडून हा गौरव समजावा.

त्यांचा गर्व एकदाच उतरला, तोही ह्या गुलाबी रंगाने. सून कुठल्याशा पुस्तकातून वाचत होती की काचेत गुलाबी रंग उतरवण्याची जुनी रीत म्हणजे तिच्यात सोन्याचा अगदी सूक्ष्म अंश मिसळणे. सतराव्या शतकापासून युरोपात हा प्रयोग पक्का झाला.

शेठ उठून उभे राहिले. "कशाचा अंश?"

"सोन्याचा, मामा."

"मीन्यात?"

"गुलाबी मीन्यात."

बनारसच्या वर्षांत किती गुलाबी फोडला असेल? ज्याला आयुष्यभर घट म्हणून वजा केले त्यात माल होता? गलाईवाला काही टाकत नाही. मूस फोडून कुटतो, भट्टीची राख झारेकऱ्याला विकतो, दुकानाची झाडलोटसुद्धा वाया जाऊ देत नाही. आणि तडकलेली काच मात्र त्यांनी पाण्याबरोबर मोरीत सोडली होती. त्या रात्री ते काटा घेऊन बसले, कागदावर हिंदीत आकडे मांडले, मध्येच मल्याळममध्ये काहीतरी म्हणाले. सून सांगत होती की तो अंश इतका बारीक असतो की सगळ्या बनारसचा गोळा केला तरी भट्टीच्या कोळशाचा खर्च निघणार नाही. तिचे म्हणणे बरोबर होते. पण घटीच्या हिशोबात अशी ढवळाढवळ शेठना सोसणारी नव्हती. दोन दिवस त्यांनी कुठल्याही नवरीचे वजन सांगितले नाही.

तिसऱ्या दिवशी सुनेने त्यांना जरा बरे वाटावे म्हणून रशियाच्या बादशहाचा मीना दाखवायला घेतला. फाबर्जे नावाच्या जवाहिऱ्याने १८८५ साली झारच्या राणीसाठी ईस्टरचे अंडे बनवले. वर दाट पांढरा मीना, अगदी कवचासारखा. उघडले की आत सोन्याचा गोल बलक. बलक उघडला की आत सोन्याची कोंबडी. अशी पन्नास शाही अंडी त्या पेढीने बनवली आणि आज एकेकाची किंमत कोट्यवधींच्या घरात.

शेठनी चष्मा पुसला. फोटो आडवा करून पाहिला, उभा करून पाहिला. पहिला भरायचा तो पांढरा, एवढे त्यांना पटले. बलकाच्या पिवळेपणावरून कस चांगला असावा, असेही म्हणाले.

"मग मामा, घट धरून किती?"

"ते असं फोटूवरनं सांगता याचं न्हाय, पोरी," शेठ म्हणाले. "अंडं हाय. फोडल्याबिगर कसं कळंल?"