कुठवर आलास?

गाडी चालवताना फोन घेऊ नये, हे बीड जिल्ह्यात शाळकरी पोरालाही पाठ आहे. रस्ता सुरक्षा अभियान आलं की दरवर्षी तेच फलक लागतात, तीच भाषणं होतात, आणि सगळा उपदेश एकट्या डायव्हरच्या माथी. त्याला फोन लावणारा मात्र ओट्यावर बसून मोकळा. आपला माणूस गाडीवर आहे, हे पक्कं ठाऊक असतं म्हणूनच तर ‘कुठवर आलास?’ विचारायला तो फोन लावतो. माझं भांडण आज त्याच्याशी आहे.

बीडहून संभाजीनगरला निघालेला माणूस घ्या. गढी येते तोवर आईचा फोन. गेवराईत बायकोचा. शहागडला गोदावरीचा पूल ओलांडताना पाहुण्यांचा, जेवायला थांबायचं का म्हणून. पाचोडच्या अलीकडे पुन्हा आईचा. सगळे फोन मायेचेच. पण ताशी 80 च्या वेगाने गाडी दर सेकंदाला 22 मीटर पुढे जाते. फोन कुणाचा हे बघण्यात तीन सेकंद गेले, तर 66 मीटर रस्ता कुणीच बघितलेला नसतो, आणि तेवढ्यात म्हैस आडवी यायला पुरेसा वेळ असतो.

‘आमच्या कानात ब्लूटूथ आहे, हात स्टेअरिंगवरच असतात,’ असं सांगणारे भेटतात. हात असतील, लक्ष कुठाय? अमेरिकेतल्या एएए फाउंडेशनने 2015 मध्ये आवाजी हुकमावर चालणाऱ्या यंत्रणा तपासल्या. हुकूम देऊन झाल्यावरही चालकाचं लक्ष पुरतं रस्त्यावर यायला 27 सेकंदांपर्यंत वेळ लागू शकतो, असं त्यात दिसलं. ताशी 60 ने हे साडेचारशे मीटर होतात. फोन वापरणाऱ्या चालकाला अपघाताचा धोका सुमारे चौपट, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

दुचाकीवाल्याची तर तऱ्हाच वेगळी. मागे दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या, फोन खांदा आणि कानाच्या मध्ये दाबलेला, मान वाकडी. त्या बाजूचा आरसा असला काय नि नसला काय. हेल्मेट घातलं तर फोन कानाला लागत नाही, म्हणून हेल्मेट टाकीवर. खड्डा आला की फोन निसटतो, आणि तो धरायला हँडलवरचा हात सुटतो. डेअरीवरून ‘किती वेळ, गाडी भरायचीय’ एवढंच विचारायचं होतं. तेवढ्यासाठी हे सगळं.

खरी धास्ती मला उसाच्या दिवसांची वाटते. दिवाळीनंतर तेलगाव, गढीच्या रस्त्यांना रात्री निघून बघा. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही अंगांनी बाहेर आलेला, मागे रिफ्लेक्टर असला तर नशीब. मडगार्डवर साउंड बॉक्स दणदणतोय, मागच्याने कितीही हॉर्न वाजवला तरी पुढे ऐकू जात नाही. डायव्हर एका हाताने गाणं बदलतो. त्यातच ऊसतोडीच्या मुकादमाचा फोन: टोळी रिकामी बसलीय, लवकर ये. तो ठेवतो न ठेवतो तोच कारखान्याच्या स्लिपबॉयचा: रांगेतला नंबर जाईल. डायव्हर दोन रात्रींचा जागा, बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नाही. त्याने फोन नाही उचलला तर शिव्या, उचलला तर जीव टांगणीला. हंगाम संपला की याच ट्रॉल्यांवर भांडीकुंडी, म्हातारी माणसं आणि लेकरं बसवून टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातून नि कर्नाटकातून गावाकडे परततात. तेव्हाही फोन चालूच असतो.

रस्त्यावरचा एक क्षण काय हिसकावून नेतो, हे बीडला कुणी सांगायला नको. 3 जून 2014 ला दिल्लीत गोपीनाथ मुंडे गेले, केंद्रात मंत्री होऊन आठवडाच झाला होता. 14 ऑगस्ट 2022 ला विनायक मेटे बैठकीसाठी मुंबईला जाताना द्रुतगती महामार्गावर गेले. हे अपघात मी मोबाइलच्या खात्यावर टाकत नाही. पण दोन्ही वेळा अख्खा जिल्हा रडला, आणि पुढच्या आठवड्यात रस्त्यावरची आपली वागणूक होती तशीच राहिली, याचा मला राग आहे.

2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 खाली हातात फोन धरून गाडी चालवणं हा गुन्हा आहे. फोन लावणाऱ्याला कलम नाही, आणि ते लावताही यायचं नाही. ते काम घरातच झालं पाहिजे. निघताना ठरवा: फोन गढीच्या चहाला, नंतर पाचोडला, मधे नाही. फोन लावलाच, तर पहिलं वाक्य ‘गाडीवर आहेस का?’ आणि ‘हो’ आलं की ताबडतोब बंद. शेजारी कुणी बसलं असेल तर फोन त्याच्याकडे द्या. एकटे असाल तर आवाज बंद करून डिकीत टाका.

गाडीत बसलेल्यांनीही तोंड उघडावं. मार्च 2025 मध्ये दादरहून स्वारगेटला निघालेल्या ई-शिवनेरीचा चालक बस चालवताना मोबाइलवर क्रिकेट बघत होता. एका प्रवाशाने चित्रण करून ते परिवहन मंत्र्यांपर्यंत पोहोचवलं आणि चालकाची नोकरी गेली. आपल्याकडे काळीपिवळीत पंधरा माणसं कोंबलेली असतात, डायव्हर बोलत असतो, आणि पंधराही जण खिडकीबाहेर बघतात. ‘दादा, बाजूला घेऊन बोला’ म्हणायला काय लागतं?

कारखान्यांकडे मात्र विनंती नको, मागणी हवी. हंगामाआधी ऊस वाहतुकीचे करार होतातच. त्यातच लिहून घ्या: ट्रॅक्टर रस्त्यावर असताना साउंड बॉक्स बंद, आणि मुकादमाने किंवा स्लिपबॉयने चालत्या वाहनाच्या डायव्हरला फोन करायचा नाही. फोन न उचलल्यामुळे कुणाचा नंबर मागे जाणार नाही, हेही त्याच कागदावर आलं पाहिजे.